बाकावरचा आवाज

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये खेळाडू येतात आणि जातात, प्रशिक्षक राहतो. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा संघात दाखल होतो, फार तर चार वर्षं खेळतो आणि पदवी घेऊन, कधी न घेताच, बाहेर पडतो. लोकांच्या तोंडी त्याचं नाव रुळेपर्यंत त्याची जर्सी दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढलेली असते. वर्षानुवर्षं ओळखीचा राहतो तो बाकाच्या कडेला कोट-टाय घालून ओरडणारा, हातवारे करणारा, मध्येच गुडघ्यावर बसून खेळाडूंना काहीतरी सांगणारा माणूस. १९७०च्या दशकाच्या अखेरीस टेलिव्हिजनने हे हेरलं आणि त्या माणसाच्या हाती माइक दिला. तेव्हापासून अमेरिकेने हा खेळ मोठ्या प्रमाणावर प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकला आहे.

हे पुस्तक त्यांतल्या एकाचं, अ‍ॅल मॅग्वायरचं, चरित्र आहे. पण मॅग्वायर एकटा समजून घेता येत नाही. त्याच्या आगेमागे, शेजारी आणि विरोधात जी माणसं उभी होती, त्यांच्यासकट तो समजतो. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे. तिच्यात माझं एक म्हणणंही आहे. माइक हाती घेतलेल्या प्रशिक्षकांनी हा खेळ लोकांना समजावून सांगितला आणि तसं करता करता प्रशिक्षकालाच खेळाचा नायक करून टाकलं. पहिल्या गोष्टीबद्दल त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. दुसरीची किंमत खेळाडूंनी मोजली आणि ती बरीच मोठी होती.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १८९१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या प्रशिक्षण संस्थेत बास्केटबॉल सुरू केला. भारतातही तो वायएमसीएच्याच वाटेने आला. मुंबईत नागपाड्याच्या कोर्टांवर आजही तो ईर्ष्येने खेळला जातो. अमेरिकेत मात्र त्याचं पहिलं मोठं घर ठरलं ते कॉलेज. एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली. आज तिच्या पुरुष विभागात ६८ संघ उतरतात. एक सामना हरला की संघ घरी. मार्च महिन्यात या स्पर्धेपायी सगळा देश वेडा होतो, तो याच एका नियमामुळे. सात सामन्यांची मालिका असती तर बहुतेकदा बलाढ्य संघच जिंकला असता. एकाच सामन्यात एखादं छोटं कॉलेज एखाद्या महाकाय विद्यापीठाला लोळवू शकतं.

आणखी एक नियम ध्यानात ठेवावा, कारण समालोचनाचा इतिहास त्याच्याशी बांधलेला आहे. व्यावसायिक एनबीएमध्ये १९५४ पासून २४ सेकंदांच्या आत बास्केटच्या दिशेने चेंडू टाकावाच लागतो. कॉलेजच्या पुरुष संघांना देशभर लागू होणारं असं बंधन १९८५-८६च्या मोसमापर्यंत नव्हतं. तेव्हा ते आलं तेही ४५ सेकंदांचं. म्हणजे त्याआधी एखाद्या संघाने ठरवलं तर तो मिनिटामागून मिनिटं चेंडू नुसता फिरवत राहू शकत असे. वेग वाढवायचा की खेळ गोठवायचा, हा निर्णय बाकावर बसलेल्या माणसाचा असे. अशा खेळात गुण कसा झाला हे डोळ्यांना दिसतं. इतका वेळ गुण का झाला नाही, हे कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगायला प्रशिक्षकाइतका लायक दुसरा कोण असणार?

याचं सर्वांत ठळक उदाहरण मॅग्वायरच्याच शेवटच्या सामन्यात आहे. २८ मार्च १९७७, अटलांटा. अंतिम सामना मॅग्वायरचं मार्क्वेट विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना. मध्यंतराला मार्क्वेट ३९-२७ असं पुढे होतं. दुसऱ्या सत्रात नॉर्थ कॅरोलायनाने मुसंडी मारली आणि ४५-४५ अशी बरोबरी झाली. पारडं पूर्ण त्यांच्याकडे झुकलेलं होतं. नेमक्या त्या वेळी त्यांचा प्रशिक्षक डीन स्मिथ याने आपला प्रसिद्ध ‘फोर कॉर्नर्स’ डाव लावला: चार खेळाडू चार कोपऱ्यांत, चेंडू मधल्या माणसाकडे, घाई नाही, प्रतिस्पर्ध्याला बाहेर ओढायचं आणि मोकळ्या झालेल्या जागेत घुसायचं. मॅग्वायरचे खेळाडू बाहेर आलेच नाहीत. बास्केटखालची जागा त्यांनी सोडली नाही. नॉर्थ कॅरोलायनाची लय तुटली, मार्क्वेटने आघाडी घेतली आणि सामना ६७-५९ असा जिंकला. शेवटची काही सेकंद उरली असताना मॅग्वायर बाकावर बसून रडत होता. प्रशिक्षकपद सोडत असल्याचं त्याने डिसेंबरातच जाहीर केलं होतं. वय ४८. त्यानंतर त्याने एकाही संघाला प्रशिक्षण दिलं नाही.

मॅग्वायरचा जन्म ७ सप्टेंबर १९२८चा, न्यूयॉर्कचा. रॉकअवे बीचच्या किनारी वस्तीत त्याच्या घरच्यांचा बार होता आणि तो तिथेच वाढला. सेंट जॉन्स विद्यापीठातून खेळला, मग न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघात गेला. खेळाडू म्हणून त्याचा मोठा भाऊ डिक त्याच्यापेक्षा सरस; पुढे दोघेही नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये गेले, अ‍ॅल १९९२ मध्ये आणि डिक १९९३ मध्ये. डार्टमथला साहाय्यक, मग नॉर्थ कॅरोलायनातलं बेलमाँट अ‍ॅबी हे बेनेडिक्टाइन संन्याशांचं छोटं कॉलेज, आणि १९६४ पासून मिलवॉकीचं मार्क्वेट हे जेझुइट विद्यापीठ. तिथल्या तेरा मोसमांत २९५ विजय, ८० पराभव.

पण आकड्यांमध्ये हा माणूस सापडत नाही. सराव आणि डावपेचांची रोजची बरीचशी जबाबदारी तो हँक रेमंड्ससारख्या साहाय्यकांवर सोपवत असे. त्याची खरी विद्या माणसं वाचण्याची. न्यूयॉर्कच्या गल्ल्यांतली, बहुतेकदा गरीब घरांतली कृष्णवर्णीय मुलं तो विस्कॉन्सिनच्या थंडीत घेऊन येई आणि त्यांच्याशी ज्या भाषेत बोलावं लागे त्या भाषेत बोले. १९७२ मध्ये मार्क्वेट अपराजित असताना, ऐन मोसमात, जिम चोन्स या उंच सेंटरला व्यावसायिक करार मिळाला. मॅग्वायरने त्याला अडवलं नाही. आपला फ्रिज भरलेला आहे आणि त्या पोराचा रिकामा, असं कारण त्याने दिल्याचं नेहमी सांगितलं जातं. राष्ट्रीय विजेतेपदाची संधी त्याने हातची घालवली. खेळाडूंच्या मेहनतीवर अब्जावधी डॉलर मिळवून त्यांना शिष्यवृत्तीखेरीज काही न देणाऱ्या त्या जुन्या व्यवस्थेत इतका स्वच्छ निर्णय घेणारे प्रशिक्षक मला फार आढळले नाहीत.

त्याचा हेकटपणाही असाच. १९७० मध्ये एनसीएएने संघाला जवळच्या डेटनऐवजी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थला पाठवायचं ठरवलं तेव्हा त्याने राष्ट्रीय स्पर्धेचं निमंत्रणच नाकारलं, संघ न्यूयॉर्कच्या एनआयटी स्पर्धेत नेला आणि ती जिंकून दाखवली. अंतिम फेरीत हरवलं ते आपल्याच जुन्या सेंट जॉन्सला.

असा माणूस एनबीसी या वाहिनीच्या समालोचन कक्षात पोहोचला तेव्हा तिथे दोन पक्के व्यावसायिक होते. डिक एनबर्ग हा मुख्य निवेदक. २० जानेवारी १९६८ रोजी ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोडोममध्ये ५२,६९३ प्रेक्षकांसमोर ह्यूस्टनने यूसीएलएला ७१-६९ असं हरवलं, तो सामना टीव्हीवर देशभर पोहोचवणारा आवाज त्याचाच. कॉलेज बास्केटबॉल ही देशाने एकत्र बसून पाहायची गोष्ट आहे हे त्या संध्याकाळी सिद्ध झालं. दुसरा बिली पॅकर: वेक फॉरेस्टचा माजी खेळाडू आणि साहाय्यक प्रशिक्षक, तयारीत काटेकोर, मतांना पक्का. या दोघांत मॅग्वायर आला तो नोंदवहीशिवाय. पॅकर डाव उलगडून सांगे. मॅग्वायर त्याला तिथल्या तिथे अडवे. पॅकरला बचावाची रचना दिसे, मॅग्वायरला चेहऱ्यावरची भीती. महाकाय सेंटरला तो ‘एअरक्राफ्ट कॅरिअर’ म्हणे, श्वास रोखून धरायला लावणाऱ्या सामन्याला ‘व्हाइट नकलर’. बारमध्ये वाढलेल्या मुलाची ही बोली एकाएकी देशभरातल्या दिवाणखान्यांत शिरली. एनबर्ग दोघांच्या मधली जागा इतक्या नेमकेपणाने सांभाळी की भांडण कधी भांडण राहत नसे. तीन माणसांचं इतकं जिवंत समालोचन या खेळात पुन्हा झालं नाही, असं माझं ठाम मत आहे.

याच तिघांनी २६ मार्च १९७९चा अंतिम सामना सांगितला: मॅजिक जॉन्सनचं मिशिगन स्टेट विरुद्ध लॅरी बर्डचं इंडियाना स्टेट. त्या सामन्याचं रेटिंग २४.१. टीव्ही असलेल्या दर चार घरांतल्या जवळपास एका घरात तो लागलेला होता, आणि अमेरिकेत बास्केटबॉलच्या कुठल्याही सामन्याला तेवढं रेटिंग नंतर मिळालेलं नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात, नव्याने सुरू झालेल्या ईएसपीएन या क्रीडावाहिनीने आपला पहिला कॉलेज बास्केटबॉल सामना दाखवला. समालोचक होता डिक विटाल. त्याची गोष्ट मॅग्वायरच्या उलट टोकाची. मॅग्वायर विजेतेपद मिळवून स्वेच्छेने बाहेर पडला. विटालला डेट्रॉइट पिस्टन्स या व्यावसायिक संघाने नोव्हेंबर १९७९ मध्ये काढून टाकलं होतं. लहानपणी एका डोळ्याची दृष्टी गमावलेला हा न्यू जर्सीचा माणूस त्याआधी डेट्रॉइट विद्यापीठाचा प्रशिक्षक होता, आणि १९७७च्या ज्या मोसमात मॅग्वायर राष्ट्रीय विजेता ठरला त्याच मोसमात विटालच्या पोरांनी मार्क्वेटला मिलवॉकीत जाऊन हरवलं होतं. विटालचं समालोचन म्हणजे उत्साहाचा धबधबा. विद्यार्थी त्याला डोक्यावर घेऊन गॅलरीभर फिरवत. विश्लेषणाचा काटेकोरपणा त्याच्यात शोधू नये. ज्या खेळाला अनेक राज्यांत कुणी विचारत नव्हतं त्याच्यावर त्याने उघड प्रेम केलं आणि ते प्रेम पसरलं. कर्करोगाच्या अनेक उपचारांनंतर, स्वरयंत्रावरच आघात झालेला असताना, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये वयाच्या ८५व्या वर्षी पुन्हा माइकसमोर बसला.

तेव्हा समालोचनाची घराणी म्हणायचीच तर मुख्य तीन. पॅकरचं चिकित्सेचं: १९७५ ते २००८ सलग ३४ वेळा राष्ट्रीय स्पर्धेची अंतिम फेरी सांगितलेला माणूस, लोकप्रियतेची पर्वा न करणारा. तो चुकेही. २००६ मध्ये छोट्या परिषदांतल्या, म्हणजे विद्यापीठांच्या छोट्या गटांतल्या, संघांना इतक्या जागा का दिल्या, असं त्याने निवडसमितीला खडसावलं आणि जॉर्ज मेसन हे तसलंच एक विद्यापीठ अंतिम चारांत पोहोचलं. दुसरं विटालचं उत्साहाचं. तिसरं मॅग्वायरचं, माणसं सांगणारं. त्याचा आजचा वारस मला बिल राफ्टरीत दिसतो. सीटन हॉलचा हा प्रशिक्षक १९८१ मध्ये बाक सोडून समालोचनाकडे वळला आणि अंतिम सामन्याच्या मुख्य पथकात पोहोचला २०१५ साली, सत्तरी ओलांडल्यावर. जुगलबंदीत दुसऱ्याला जागा कशी द्यावी, हे त्याच्याकडून शिकावं. स्टुडिओतल्या टेबलाभोवती बसणाऱ्यांची फळी वेगळी. यूसीएलएची ८८ विजयांची मालिका १९७४ मध्ये खंडित करणारा नोत्र दामचा डिगर फेल्प्स तिथे वीसेक वर्षं बसला. बॉब नाइटसारखा महान पण संतापी प्रशिक्षकही टीव्हीवर आला. बाकावरचा त्याचा दरारा माइकवर मात्र उतरला नाही.

जिम व्हॅल्व्हानोबद्दल थांबून बोलायला हवं. १९८३ मध्ये त्याच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने बलाढ्य ह्यूस्टनला ५४-५२ असं हरवलं. डेरेक व्हिटनबर्गचा लांबून टाकलेला चेंडू तोकडा पडला आणि लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच पकडून बास्केटमध्ये कोंबला. मिठी मारायला माणूस शोधत कोर्टभर धावणारा व्हॅल्व्हानो हे या स्पर्धेचं सर्वांत जास्त वेळा दाखवलं गेलेलं दृश्य असावं. १९९० मध्ये संघातल्या गैरप्रकारांच्या आरोपांमुळे त्याला जावं लागलं. टीव्हीने त्याला लगेच सामावून घेतलं. तो उत्तम बोलत असे, विटालबरोबर त्याची जोडी जमली आणि प्रश्न विरून गेले. १९९२ मध्ये कर्करोगाचं निदान झालं. ४ मार्च १९९३ रोजी ईएसपीएनच्या पुरस्कार सोहळ्यात त्याने भाषण केलं आणि कर्करोग संशोधनासाठी व्ही फाउंडेशनची घोषणा केली. पुढच्या महिन्यात, २८ एप्रिलला, तो गेला. त्या भाषणाचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. तरी एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे: टीव्हीवरची ही बिरादरी आपल्या माणसाला जवळ करते तेव्हा त्याला अवघड प्रश्न विचारत नाही.

माझ्या मते या पेशाचा खरा पेच इथे आहे. माजी प्रशिक्षकाला आतलं सगळं माहीत असतं: मुलांना संघात आणताना त्यांच्या आईबापांना कुणी काय कबूल केलं, कुठला खेळाडू वर्गात कधी दिसतच नाही, कुठल्या पराभवाला कोण जबाबदार. पण समोर बाकावर उभा असलेला माणूस त्याचा मित्र असतो, कधी त्याचाच माजी साहाय्यक. शिवाय परतीचं दारही उघडं ठेवायचं असतं. मॅग्वायरचा साहाय्यक राहिलेला रिक मजेरस २००४ मध्ये ईएसपीएनवर आला आणि २००७ मध्ये सेंट लुइसच्या बाकावर परतला. यूसीएलएतून गेलेला स्टीव्ह लॅव्हिन काही वर्षं टीव्हीवर राहून सेंट जॉन्सचा प्रशिक्षक झाला. ज्याला उद्या पुन्हा नोकरी मागायची आहे तो आज किती बोलेल? मॅग्वायर मोकळेपणाने बोलू शकला त्याचं मोठं कारण हे, की त्याला परत जायचंच नव्हतं.

आपल्याकडे हा रस्ता अनोळखी नाही. आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन रुजवणारे बाळ ज. पंडित स्वतः रणजी सामने खेळलेले होते, आणि मुंबईच्या रवी शास्त्रीने समालोचन कक्षातून भारतीय संघाचं प्रशिक्षकपद आणि तिथून पुन्हा समालोचन असा फेरा पूर्ण केला. पण आपला समालोचक बहुधा माजी खेळाडू असतो. फटका कसा मारला हे तो सांगतो. प्रशिक्षक समालोचक झाला की बदली कधी केली, टाइमआउट कधी घेतला, कुणाला बाहेर बसवलं, इथे प्रेक्षकाची नजर जाते. हा फरक मराठी वाचकाने ध्यानात ठेवून पुस्तक वाचावं.

स्त्रियांना या कक्षात जागा मिळायला उशीर लागला आणि त्यांची वाटही जास्त चढाची होती. कॅरोलिन पेकने १९९९ मध्ये पर्ड्यूला महिलांचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री प्रशिक्षक. पुढे ती ईएसपीएनवर विश्लेषक झाली. डोरिस बर्कने प्रॉव्हिडन्स कॉलेजात साहाय्यक प्रशिक्षक म्हणून सुरुवात केली आणि २०२४ मध्ये एनबीएची अंतिम मालिका टीव्हीवर विश्लेषक म्हणून सांगणारी पहिली स्त्री ठरली. तिचं समालोचन ऐकताना पॅकरची शिस्त आणि मॅग्वायरची माणसांची जाण एकाच आवाजात भेटते.

आज हे सगळं पुन्हा पाहायचं कारण काय? २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात. विद्यापीठ बदलणंही सोपं झालं आहे. दर उन्हाळ्यात संघच्या संघ पालटतात. २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. पन्नास वर्षं टिकलेली रचना हलली आहे. दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवणारा व्हिलानोव्हाचा जे राइट २०२२ मध्ये साठीच्या उंबरठ्यावर निवृत्त झाला आणि टीव्हीवर गेला. खेळाडू वर्षाला बदलतात म्हणून प्रेक्षकाला प्रशिक्षकाचाच आधार अधिक वाटेल, की खेळाडूच्या हाती पैसा आणि स्वतःचं व्यासपीठ आल्यावर प्रशिक्षकाचं हे नायकपण ओसरेल? मला दुसरी शक्यता खरी व्हावीशी वाटते. चोन्सला जाऊ देणारा मॅग्वायर तिच्याच बाजूने उभा राहिला असता, असं हे चरित्र वाचून म्हणता येतं.

पुस्तकात मॅग्वायरच्या मार्क्वेटमधल्या तेरा मोसमांना जितकी पानं आहेत, जवळपास तितकीच त्यानंतरच्या तेवीस वर्षांना आहेत, आणि हीच या चरित्राची धिटाई. प्रशिक्षकांची चरित्रं सहसा शेवटच्या सामन्याशी संपतात आणि टीव्हीचा काळ उपसंहारात उरकला जातो. इथे लेखकाने समालोचनालाही काम मानलं आहे: १९८१ नंतर स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क सीबीएस या वाहिनीकडे गेले, पॅकर तिकडे गेला, मॅग्वायर एनबीसीतच राहिला, त्या फाटाफुटीत कुणी काय गमावलं, १९९२ मध्ये सीबीएसवर आलेला मॅग्वायर आधीच्यापेक्षा सौम्य झाला होता का, या प्रश्नांची दखल मन लावून घेतली आहे. २००० साली आजारपणामुळे थांबेपर्यंत तो बोलत होता; २६ जानेवारी २००१ रोजी रक्ताच्या विकाराने गेला. एनबर्गने पुढे त्याच्यावर एकपात्री नाटक लिहिलं.

बास्केटबॉलचे नियम माहीत नसलेल्या वाचकाने पहिल्या पानापासून सुरुवात करण्याचा आग्रह धरू नये. १९७४च्या अंतिम सामन्याचं प्रकरण आधी उघडावं. नॉर्थ कॅरोलायना स्टेटविरुद्ध पहिल्या सत्रात पंचांवर संतापून मॅग्वायरने गैरवर्तनाचे दोन टेक्निकल फाऊल ओढवून घेतले, प्रतिस्पर्धी बघता बघता पुढे निसटले आणि सामना ७६-६४ असा गेला. तो दोष त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतला. नंतर टीव्हीवर बाकावरच्या कुणाही प्रशिक्षकाचा तोल जाताना त्याला इतक्या लवकर कसा दिसे, ते त्या प्रकरणानंतर लगेच १९७९च्या सामन्याचं प्रकरण वाचलं की कळतं.